देवीदासभाऊचं टॉर्चचं दुकान

माहा जन्म नरखेड तालुक्यातला. गावाचं नाव नका लिहू, लहानसं गाव आहे, कोणाची मंदा हे लोकाइले लगेच समजते. चारी बाजूनं संत्र्याचे अन् मोसंबीचे बगीचे अन् मधात आमचं घर, पण बगीचा आमचा नव्हता बरं, माहा बाप मोटारी दुरुस्त करे. मोटारी म्हणजे रस्त्यावरच्या नाही, विहिरीवरच्या, पाण्याच्या. कोणाची मोटार जळली, कोणाचं इंजिन सुरू होऊन नाही राहिलं, की सायकलवर माणूस येऊन हाक मारे, बाप पिशवी उचले अन् निघे, अन् मी त्याच्या मागं मागं. मले भाऊ नव्हता. आई म्हणे पोरीच्या जातीले कायले नेता विहिरीवर, तर बाप म्हणे तिचे बोटं बारीक आहेत, माहा हात जेथी जात नाही तेथी तिचा जाते. बाप शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, दुपट्टा पसरे अन् सांगे, जे सामान ज्या रांगेनं निघालं त्याच रांगेनं मांड, मंग बसवताना डोकं नाही लावा लागत, हातच बसवते. तर माही शाळा म्हणाल तर ते होती, खरी शाळा थोडीशीच झाली.

लगन झालं अन् मी नागपूरजोळच्या हिंगण्याले आली. आमचे हे तेथी कारखान्यात गॅसकटर होते. आता गॅसकटर म्हणजे काय तर लोखंड कापणारा माणूस. हातात टॉर्च असते, टॉर्च म्हणजे अंधारात लावाची बॅटरी नाही हो, माह्या सासूले शेवटपर्यंत तेच वाटे की पोरगा बॅटऱ्या धरून उभा राहते. पितळेची लांब दांडी असते, तिले दोन पाइप, एक ऑक्सिजनचा अन् एक गॅसचा, पुढं डोकं अन् डोक्यात नोझल, त्यातून निळी ज्योत निघते अन् जाडजूड लोखंड कापते. यांचा हात म्हणजे काय सांगू तुम्हाले, खरबुजाची फोड काढावी अशी प्लेट काढत. अन् बोलके भल्ले. घरात आले की चप्पल काढायच्या आधी गोष्ट सुरू. कंपनीच्या बसमधी कोण झोपलं, कोणाच्या डब्यात काय होतं, कोणाची पोट्टी पास झाली. मी स्वयंपाक करता करता ऐको. खेड्यातून आलेली मी, शेजारपाजारी कोणी ओळखीचं नाही, यांच्या तोंडूनच मी हिंगणा पाहिला.

मंग ते झालं. कारखान्याचं नाव नाही सांगत, आता तो कारखाना राहिलाही नाही. काय होते की नोझल डोक्यात जेथी बसते ना, ते जागा झिजली की दोन्ही गॅस आतल्या आतच मिसळतात अन् आग बाहेर यायच्याऐवजी आत शिरते. आत शिरली की टॉर्च शिट्टी मारते, बारीक, दूध उतू जायच्या आधी भांडं कसं बोलते तसं. ते ऐकलं की पहिले ऑक्सिजन बंद करा लागते. यांनी ऐकली शिट्टी, हात गेलाही व्हॉलवर, म्हणजे ऑक्सिजनच्या चावीवर, पण व्हॉल जाम होता, फिरलाच नाही. दांडी लाल झाली अन् पाइप फाटला. उजवा हात सगळा गेला, म्हणजे कापला नाही, राहिला, पण कातडी आखडून बोटं अशी अर्धवट मिटून गेली, चिमणीच्या पायासारखी. बशी उचलता ये, फावडं धरता ये, पण सुई धरा म्हटलं तर नाही.

दवाखान्यातून घरी आले ते बोलणंच विसरले. वर्षा, आमची पोरगी, तवा पाळण्यात होती, तिच्याकडं पाहत बसत दिवसभर. अन् एक दिवस यांच्याच संगतीचा माणूस आला, रामेश्वर म्हणून, तो दुसऱ्या एका शेडमधी कापाकापी करे. हातात पिशवी, पिशवीत टॉर्च. म्हणे भाऊ, हा टॉर्च नीट जळून नाही राहिला, कंपनीवाले नवा नाही देत, तुम्ही आवाजावरून सांगता असं सगळे म्हणतात, पाहा बरं. यांनी शेजारच्या वेल्डिंगवाल्याचे सिलिंडर आंगणात लावून पेटवून पाहिला, कान लावला, अन् कित्येक दिवसांनी तोंड उघडलं. म्हणाले नोझलची काही गोष्ट नाही, आतली रिंग गेली आहे, बस तू येथी, मी बदलून आणतो. अन् टॉर्च घेऊन आत आले.

आत आले, टेबलावर ठेवला, डाव्या हातानं पान्याले धरून कसाबसा खोलला. यांच्या जुन्या डब्ब्यातली नवी रिंग होती रबराची, एवढीशी, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी. डाव्यात टॉर्च धरून उजव्यानं उचलाले गेले तर पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. बाहेरून रामेश्वर म्हणे भाऊ, येऊ का आत, तर हे मोठ्यानं म्हणाले नाही नाही, झालंच. अन् कपाळावर घाम. मी चुलीजोळ होती. मी उठली, साबणानं हात धुतले, पदराले पुसले अन् रिंग उचलून बसवली. निघाल्या रांगेनं सगळं बसवलं. त्याइनं माह्याकडं पाहिलं. मी त्याइच्याकडं पाहिलं. मंग त्याइनं टॉर्च उचलला अन् बाहेर जाऊन म्हणाले, घे गा, झाला.

कोणी केला ते नाही सांगितलं. अन् मलेही राग नाही आला तवा, खरं सांगते, आनंदच झाला, माणूस बोलाले लागला हे काय कमी होतं?

तेथून सुरू झालं आमचं दुकान. रामेश्वरनं दुसऱ्याले सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. शिफ्ट सुटली की हँडलले पिशव्या अडकवून मोटारसायकली यायच्या. बाहेर बदामाच्या झाडाखाली बाकडं, बाकड्यावर मंडळी. दाराले पडदा, पडद्याच्या आत टेबल, टेबलाशी मी. हे बाहेर पेटवून पाहत, ऐकत, आत आणत अन् हळू सांगत, डावीकडचा व्हॉल झिरपते, नाहीतर म्हणत नोझल पाहा वं, त्यात काजळी आहे. मी खोलो, नोझलच्या भोकातून बारीक पिन घालून साफ करो, झिजलेली जागा घासून सपाट करो, रिंगा बदलो. ऑक्सिजनच्या सामानाले तेलाचा हात चालत नाही, तेल अन् दाबातला ऑक्सिजन एकत्र आले की काडी न लावता पेट घेतात, म्हणून मी केसाले तेल लावणं सोडून दिलं. बायका म्हणत मंदा, डोकं कसं कोरडं ठेवतं वं, सवाशीण बाई तू. मी म्हणो खाज येते तेलानं.

अन् बाहेर काय हसणं चाले बाप्पा. टॉर्च एकदा खोलला की सहज बसणारी वस्तू नव्हे ते, वेळ लागे, म्हणून माणूस बसून राहे, अन् बसला की बोले. कोणाच्या बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कोणाची बायको रुसून माहेरी, कोणाची गाय व्यायली. मी आतून ऐको. कधी हसू आलं तर पदर तोंडात धरो. त्या माणसाइचे आवाज मले असे पाठ होते की खोकला ऐकून सांगो कोण आला ते. त्याइच्यासाठी मी म्हणजे चहा. टॉर्चचं काम आटोपलं की मी हात धुऊन चहा टाको अन् हे ट्रे घेऊन बाहेर जात. पण मले एकटं नाही वाटे हो. पडदा होता, पण पडद्याच्या त्या बाजूले माणसं होती ना.

हे सगळ्याइले सांगत असत, पहिले ऐकाले शिका, टॉर्च स्वतःच सांगते त्याले काय होऊन राहिलं ते. पुढं पुढं मीही शिकली ऐकाले, मले आतूनच समजे, हे आत यायच्या आधी मी सामान काढून ठेवो. तवा यांचं तोंड पाहासारखं होये. एकदा म्हणाले, मंदा, पाटीवर तुहं नाव टाकू का? मी म्हटलं टाका. मंग म्हणाले, आगीचं सामान आहे, बाईच्या हातचं म्हटलं तर लोक भरवसा नाही ठेवणार. मी म्हटलं राहू द्या मंग. एवढंच बोलणं झालं त्यावर साऱ्या जन्मात. पाटी रंगवून आली, देवीदासभाऊ, गॅस कटिंग टॉर्च दुरुस्ती. नाव घेतलं बघा मी त्याइचं. आता घेते. कोणी टोकाले नाही.

वर्षाचं लगन होऊन ते पुण्याले गेली, त्याच्यानंतरची गोष्ट. सकाळी हे आंगणात चूळ भरून राहिले होते, तांब्या हातातून सुटला, मले वाटलं बोटातून निसटला असन, नेहमी निसटे. मी म्हटलं राहू द्या, मी उचलते. बाहेर आली तर हे भिंतीले टेकून बसले होते, अन् संपलं होतं.

तेरवीले सगळी मंडळी आली. बसली, रडली, यांच्या गोष्टी केल्या. अन् त्याच्यानंतर एकेक जण येऊ लागला. दारात उभं राहून म्हणे, वहिनी, आमचा तो टॉर्च पडला होता. मी काढून देओ. दुरुस्त नव्हते झालेले, फळीवर जसे आले तसेच होते. रामेश्वर सगळ्यात शेवटी आला. मी म्हटलं, भाऊ, राहू द्या ना, होऊन जाईन. त्यानं वर नाही पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, करून देते. तर खाली पाहूनच म्हणे, तुम्ही कायले त्रास घेता वहिनी, पाहतो मी कोठीतरी, अन् पिशवी हँडलले लावून गेला. बाकड्यावर बसला पण नाही. मी दारात उभी. मले वाटलं मोठ्यानं ओरडावं, अरे बाप्पा, इतके दिवस कोणाच्या हातचं नेत होता तुम्ही? पण माणूस जाऊन महिना नाही झाला अन् मी त्याचं नाव पुसाले निघू? नाही निघालं तोंडातून.

मंग काय, मी रोज सकाळी दुकान उघडो, झाडो, पाणी टाको, बसो. कोणी नाही. मोटारसायकली समोरून जात, आवाजावरून मी ओळखो, हा अमका, हा तमका, कधी कधी वाटे आवाज कमी होऊन राहिला, थांबते आता, अन् पुढं निघून जाये. भिंतीचा आवाज येते माणसाले अशा वेळी. वर्षा म्हणे आई, पुण्याले ये. गेली ना. चांगलं घर आहे, लिफ्टचं, जावई चांगला, पण सकाळी दोघं निघून जात अन् मी खिडकीशी. तेथीही भिंतच, फक्त उंचावर. म्हटलं भिंतच पाहायची तर आपली पाहावी, परत आली.

मंग मी एक काम केलं. नागपुरात जरीपटक्याले एक सेठ आहे, टॉर्चचं सामान विकते, हे नेहमी त्याच्याचकडून रिंगा अन् नोझलं आणत. मी कधी गेली नव्हती. बस बदलून, विचारत विचारत गेली. दुकानात गर्दी, मी बाजूले उभी. सेठनं विचारलं क्या चाहिए अम्मा. मी म्हटलं, देवीदास कटिंगवाले, त्याइची मी घरवाली. तो उठून उभा राहिला. बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं सेठ, काम द्या, टॉर्च दुरुस्त करते मी. त्यानं काही विचारलं नाही, कसं येते, कोणी शिकवलं, काही नाही. काउंटरखालून दोन बिघडलेले टॉर्च काढले अन् म्हणे, देख लो भाभीजी, होता है क्या. पुढच्या आठवड्यात नेऊन दिले. त्यानं गॅस सोडून जोडावर साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही आला. म्हणे, और ले जाइए.

काम मिळालं. पण कसं, तर पिशवी जाये अन् पिशवी ये. टॉर्च खोलला की मले दिसे, हा माणूस डावखुरा आहे, दांडी त्या बाजूनं घासली आहे, हा घाईचा आहे, नोझल लोखंडावर आपटते, हा नवशिका आहे, व्हॉल करकचून आवळते. पण आवाज नाही, नाव नाही. पहिले माणसं होती अन् नाव यांचं होतं, आता काम माहं होतं अन् माणसंच नव्हती. मी टॉर्चशीच बोलाले लागली. काहून बाप्पा, कोण आहे तुहा मालक, कायले आपटते तुले. हसू नका. एकटं माणूस कशाशीही बोलते.

अन् मंग रामेश्वरचं समजलं. भाजीवालीनं सांगितलं, ते तुमच्या घरी येत ना ते उंच भाऊ, भाजले म्हणे, दवाखान्यात आहेत. मी संत्री घेतली अन् गेली. छाती अन् मान पट्ट्याइनं बांधलेली, तोंड वाचलं होतं. काय झालं तर, कोण्या रस्त्यावरच्या मिस्त्रीनं टॉर्च दुरुस्त केला अन् व्हॉल घट्ट फिरून राहिला म्हणून त्याले ग्रीस लावून दिलं. ऑक्सिजनच्या व्हॉलले ग्रीस. यानं कामावर जाऊन व्हॉल उघडला अन् भडका. त्यानं मले पाहिलं अन् डोळ्यातून पाणी काढलं, म्हणे वहिनी, भाऊ असते तर असं नसतं झालं. मी स्टुलावर बसली, संत्रं सोललं, बिया काढल्या अन् एक एक फोड त्याच्या तोंडात दिली. म्हटलं, हो भाऊ, नसतं झालं.

बाहेर आली तर व्हरांड्यात त्याची बायको, सुलोचना, बसून होती. मीही बसली तिच्याजोळ. मले राहवलं नाही. हळूच म्हटलं, सुलोचनाबाई, एक गोष्ट सांगू का, त्या दुरुस्त्या हे नव्हते करत. तिनं माह्या हातावर हात ठेवला अन् म्हणे, माहीत आहे मले, मंदाबाई.

मी म्हटलं, काय माहीत आहे?

सुलोचना म्हणे, तुम्ही करत होत्या ते. सगळ्याइलेच माहीत होतं वं. भाऊले बिस्किट धरता नाही ये चहात बुडवाले, रिंगा कोण बसवन? अन् आमचे हे म्हणत, देवीदासभाऊच्या घरी चहा अन् टॉर्च कधी संगं येत नाही. टॉर्च आत आहे तंवर चहा नाही, अन् चहा आला की समजायचं टॉर्च झाला. सुरवातीपासूनच समजलं होतं त्याइले. पण भाऊले वाटत होतं ना की कोणाले माहीत नाही, मंग कायले त्याचं मन मोडाचं, म्हणून सगळे गुमान बसत.

मी म्हटलं, मंग ते गेल्यावर काहून नाही आले? मी तर म्हटलं होतं करून देते म्हणून.

तर सुलोचना म्हणे, लाजले वं. तुमच्या हातात टॉर्च द्यायचा म्हणजे कबूल कराचं की इतके वर्षं माहीत होतं अन् वहिनीले एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाही. म्हणत होते, वहिनी दारात उभी होती अन् मले वर पाहता नाही आलं.

घरी आली. यांच्या फोटोसमोर बसली. पहिल्यांदा राग आला मले, जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, तुम्हाले माहीत होतं का की त्याइले माहीत आहे? माहीत असून तुम्ही बसत होता का तेथी, हसत? की खरंच काही माहीत नव्हतं? कोण सांगणार. त्याइनं यांचा मान राखला, यांनी स्वतःचा राखला, मी यांचा राखला, अन् सगळ्याइनं राखता राखता मीच एकटी पडली ना बाप्पा त्या घरात! दोष कोणाले देऊ? सगळ्याइचं मन चांगलंच होतं. वाईट असतं तर भांडली असती.

पट्ट्या सुटल्यावर सुलोचना त्याले स्कुटीवर मागं बसवून घेऊन आली. वाळला होता भल्ला. बाकड्यावर आपल्या जागी बसला अन् मांडीवर पिशवी. पिशवीत तोच टॉर्च, जळून काळा झालेला. मी आत गेली, पडदा काढला, काढला म्हणजे दोरीवरून उतरवूनच ठेवला, अन् टेबल ओढत ओढत बाहेर बदामाखाली आणलं. त्याच्यासमोर टॉर्च खोलला. व्हॉल फेकून दिला, दांडी वाचली होती, डोकं चांगलं होतं. एका ठिकाणी आटा जाम होता तर त्यानं पुढं होऊन दांडी धरली अन् मी पाना फिरवला. मंग तो बोलला. म्हणे, वहिनी, आमचं चुकलंच. मी म्हटलं, दांडी सरळ धरा.

सुलोचनानं आत जाऊन चहा टाकला. पहिल्यांदा असं झालं की टॉर्च टेबलावर खुला अन् चहा समोर.

त्याच्यानंतर बाकीचेही आले काही. खाली मान घालून आले, मंग मान वर झाली. तो एक काळ चांगला गेला. बाकडं भरे. मी मधात बसो, अन् माह्यासमोर हसत, मीही मोठ्यानं हसो, माहं हसणं एवढं मोठं आहे हे मलेच माहीत नव्हतं. पण जास्त दिवस नाही टिकलं ते. भांडण नाही, काही नाही. टॉर्चच बदलले.

आता जे नवे टॉर्च आले आहेत ना, त्याचं सगळं सुटं सुटं निघते. व्हॉल खराब झाला तर व्हॉल दुरुस्त नाही करा लागत, आखाच्या आखा फिरवून काढाचा अन् डब्बीतून नवा लावाचा. डोकं गेलं, डोकं बदला. नोझल हातानं आवळलं की बसते, पाना नको. रिंगा आतच बसून येतात. काम सुरू असते तेथीच, उभ्या उभ्या बदलतात पोरं, बिडी विझायच्या आत. वेल्डिंगचंही तसंच, ग्राइंडरचंही तसंच. कोणी कोणाकडं न्यायचीच गरज नाही.

मी त्याले नावं नाही ठेवत, बरं. लिहा हे. मले एकदा सेठनं दाखवाले दिला तर मी सगळा खोलून पाहिला, लय हुशारीनं बनवला आहे ज्यानं बनवला. घासाघासी नाही, ग्रीस लावाले जागा नाही, चुकीचा भाग चुकीच्या जागी बसतच नाही. आग उलटी आली तर आतच अडते. असा टॉर्च यांच्या हातात असता त्या दिवशी तर यांची बोटं शाबूत राहिली असती. मी हातात धरून तेच पाहत बसली. म्हणून वाईट नाही म्हणवत. फक्त एवढंच की आता कोणी बसत नाही. पहिले खोलाले वेळ लागे म्हणून माणूस बसे. आता वेळच नाही लागत. कोणाले अडलं तर फोनवर फोटो पाठवतात, वहिनी कोणता घेऊ, मी सांगते दुसऱ्या नंबरचा घे, झालं. चांगली आहेस का, जेवली का, हे फोटोत कोठी मावते?

रामेश्वर येत होता, त्याले काम नव्हतं तरी ये, पण आगीजोळ उभं राहिलं की त्याची भाजलेली कातडी ओढे, म्हणून दोघं भंडाऱ्याकडं गावाले गेले, धानाची थोडी जमीन आहे त्याइची. सुलोचना फोन करते सणावाराले. सेठचं पोरगं आता दुकान पाहते, जुने टॉर्च ठेवत नाही तो, पण माह्यासाठी कोठून कोठून आणून देते. गावोगावच्या लोखंडी दारं बनवणाऱ्याइचे असतात, जुन्या पितळेचे, वजनदार. तेवढे करते. कधी ग्राइंडरच्या मोटारीतला झिजलेला कार्बन बदलून देते. हात चालते अजून. मागच्या दिवाळीच्या आधी पाटीचा रंग उडाला होता तर पेंटरले बोलावलं. म्हणे बाई, काय लिहू? मी म्हटलं आहे तेच लिहा. त्यानं लिहिलं अन् शिडीवरून उतराले लागला, तवा म्हटलं थांबा, खाली बारीक अक्षरात लिहा, दुरुस्ती करणार मंदा देवीदास. लिहिलं त्यानं. चांगलं अक्षर आहे. वाचाले कोणी नाही, पण आहे.

मले काही दुःख नाही असं नाही म्हणत मी. दुपारी घर मोठं होते. पण कोणाचं वाईट झालं नाही माह्या हातून, एवढं देवाले सांगता येते. रोज दिवा लावते तवा एकच मागते, की ज्याच्या ज्याच्या हातात आग आहे, तो कोणाचाही कोणी असो, माह्याकडं न येवो पाहिजे तर, पण सांजच्याले आपल्या घरी धडधाकट जाओ.

तुम्ही बसले एवढा वेळ, बरं वाटलं. कॉलर झटकून घ्या, बदामाचं पान पडलं आहे. अन् या कधी इकडं आले तर. काही बिघडलेलं आणलंच पाहिजे असं नाही.